बांबूच्या टोकाला लाल फडकं

गेल्या जानेवारीतली गोष्ट. पुण्यातल्या माझ्या एका जुन्या मित्राचा मुलगा बायकामुलांसह आमच्याकडे आला, तो चाकांवरचं घर घेऊनच. हल्ली ज्याला कॅराव्हॅन म्हणतात, तसली भाड्याची गाडी. आत पलंग, शेगडी, बेसिन, मोरी, सगळं. आमच्या गल्लीतली पोरं तासभर तिच्याभोवती फिरत होती. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "तमाशाची पार्टी आली का रं?" तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या भागानं चाकांवरचा संसार पाहिला तो तमाशाच्या फडांचा आणि तंबूतल्या सिनेमावाल्यांचा. यात्रा-जत्रांच्या दिवसांत त्यांच्या गाड्या यायच्या, सामानावर माणसं, माणसांवर पेट्या, पेट्यांवर पुन्हा माणसं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा मला पहिल्यांदा तीच वरातच आठवली होती.

पाहुण्यांना तुळजापूर, नळदुर्ग आणि परांडा करायचं होतं. मला वाटाड्या म्हणून पुढच्या सीटवर बसवलं. मोबाइलनं जवळचा रस्ता दाखवला आणि आम्ही हमरस्ता सोडून आत वळलो. थोड्या वेळानं समोर रेल्वेचा रूळ आला. पूर्वी तिथं फाटक होतं. आता रुळाखालून सिमेंटची चौकोनी मोरी काढली आहे आणि तिच्या अलीकडे रस्त्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची आडवी लोखंडी तुळई. पाटीवर लिहिलेलं : उंची ३.२० मी. ड्रायव्हरनं वेग कमी केला, पण थांबवली नाही. मी म्हणालो, "थांबा."

"काका, गाडी दहा फुटांची आहे. साडेदहा आहेत इथं. जाईल आरामात," मित्राचा मुलगा म्हणाला.

हिशेब चुकीचा नव्हता. ३.२० मीटर म्हणजे साडेदहा फूटच. पण मी "थांबा" म्हणालो ते हिशेबानं नाही, घरच्या वळणानं. माझे वडील ट्रक ड्रायव्हर होते.

अब्बांचा ट्रक त्यांचा स्वतःचा नव्हता, मालकाचा होता. पण ट्रकमध्ये एक वस्तू त्यांच्या मालकीची होती. एक सरळसोट बांबू. बॉडीच्या बाजूला दोन कड्यांत अडकवलेला. त्याच्या एका टोकाला लाल फडकं बांधलेलं. गाडी भरली, ताडपत्री आवळली, रस्सी ताणली की अब्बा खाली उतरत, बांबू गाडीला टेकवून उभा करीत आणि मालाचा जो सर्वांत वरचा बिंदू असेल, त्याच्या चार बोटं वर ते फडकं सरकवून बांधीत. मग वाटेत पूल दिसला, झाडाची फांदी दिसली, विजेची तार दिसली की क्लीनरनं बांबू घेऊन पुढं चालायचं. फडकं अडलं नाही तर गाडी जाणार. अडलं तर नाही. वाद नाही. अब्बांना मराठी वाचता येत नव्हतं, उर्दू थोडं यायचं. पाटीवरचा आकडा त्यांच्या उपयोगाचा नव्हता आणि खरं सांगायचं तर त्यांचा पाटीवर विश्वासही नव्हता.

आमच्या जिल्ह्यात उंच गाडी म्हणजे कडब्याची गाडी. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांना सांगतो. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या रचत रचत हमाल माडीएवढा डोंगर उभा करतात. तो दोन्ही बाजूंनी बाहेर झुकतो, मागं लोंबतो, पुढं केबिनच्या टपावर येतो. लांबून पाहिलं तर गाडी दिसतच नाही, गंजच चालत येतेय असं वाटतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी साध्या गाड्यांना ३.८ मीटर आणि दुमजली बसला ४.७५ मीटर उंचीची मर्यादा घातली. मालगाड्यांची मर्यादा २०२० साली चार मीटर झाली. कडब्याला हे कोणी सांगितलं नाही. दुष्काळी मुलखात बैल जगवायचे असतील तर एका खेपेत जास्तीत जास्त चारा आणावा लागतो, आणि चारा हलका असतो. वजनात बसतो, उंचीत बसत नाही.

बी.ए.ला माझा इतिहास होता. नोकरीत आणि कवितेत त्याचा उपयोग झाला नाही, पण गावाकडं पाहायची सवय लागली. उंच वस्तू आणि ठेंगणी वाट यांचं भांडण आमच्या जिल्ह्यात किती जुनं आहे, हे तेव्हापासून मनात घोळतंय.

परांड्याचा किल्ला घ्या. भुईकोट, भोवती खंदक, आत तोफा. विजापूरला जी प्रसिद्ध मुलुख-ए-मैदान तोफ आहे, ती १५४९ साली अहमदनगरला ओतली आणि नंतर परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ साली मुरार पंडितानं ती परांड्याहून विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसं तिला लावली होती, असं सांगतात. तिच्या जोडीची दुसरी तोफ वाटेत नदीत बुडाल्याचीही कथा आहे. आज आमच्या भूम-वाशी भागाकडं पवनचक्कीची लांबच लांब पाती घेऊन जाणाऱ्या गाड्या निघतात, पुढं लाल झेंडीवाली जीप, मागं एक जीप, चौकाचौकांत लोक थांबून बघतात. तेव्हा मला ती तोफ आठवते. तिच्याही पुढं कोणीतरी चालत असणार. उतार किती, नदीला पाणी किती, कोणत्या वेशीतून निघेल आणि कोणती वेस पाडावी लागेल, हे बघणारा. मुरार पंडिताचं नाव राहिलं. त्या पुढं चालणाऱ्याचं राहिलं नाही.

किल्ल्यांच्या दरवाजांची उंची हत्तीनं ठरवलेली असते. हत्ती, त्यावर अंबारी, अंबारीत बसलेला माणूस. नळदुर्गच्या किंवा परांड्याच्या दरवाजात उभं राहून वर पाहिलं की ते लक्षात येतं. आपण त्या मापाचे नाहीच. आपल्यासाठी असते ती दिंडी, मोठ्या दारातलं छोटं दार. ती मुद्दाम ठेंगणी. आत येणारा एकेकटा आला पाहिजे, वाकून आला पाहिजे, म्हणजे त्याची मान आधी आत येते आणि हात मागं राहतात. दरवाजा धन्याच्या हत्तीसाठी उंच आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी ठेंगणा, एकाच लाकडात. उंची ही केवळ गवंड्याची गोष्ट नसते, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

याच्यावरून एक दूरची गोष्ट सांगतो. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९२०-३० च्या दशकांत रॉबर्ट मोझेस नावाच्या बड्या अधिकाऱ्यानं सुंदर बागबगीच्यांचे रस्ते बांधले. त्यांवरचे पूल ठेंगणे. रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ साली मोझेसचं मोठं चरित्र लिहिलं, त्यात आलं की हे पूल मुद्दाम ठेंगणे ठेवले, म्हणजे बस त्याखालून जाणार नाही आणि बसनं फिरणारे गरीब आणि काळे लोक समुद्रकिनाऱ्यावर पोचणार नाहीत. १९८० मध्ये लँग्डन विनर या अभ्यासकानं हे उदाहरण घेऊन विचारलं, की वस्तूंनाही राजकारण असतं का? पुढं काही संशोधकांनी हरकत घेतली. त्या रस्त्यांवर बस आणि मालगाड्यांना तशीही बंदीच होती, पूल ठेंगणे ठेवण्याची गरजच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. हा वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला वाटतं, जगातले बहुतेक ठेंगणे पूल दुष्टाव्यानं ठेंगणे झालेले नसतात, काटकसरीनं झालेले असतात. ज्याला वाकावं लागतं त्याच्या मानेला मात्र त्यातला फरक कळत नाही.

काटकसरीची आमच्याकडची मोठी गोष्ट म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली. पुढं १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. कॅल्थ्रॉपचं सूत्र सोपं होतं. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, भराव कमी लागतो, पैसा कमी लागतो. मोठ्या रेल्वेला जिथं जाणं परवडलं नसतं, तिथं ही गेली. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत, त्यापुढं निजामाचा मुलूख. दोन राज्यांची सीमा ओलांडून आमचा कापूस, आमची डाळ आणि आमचे वारकरी या चिमुकल्या गाडीनं नेले. धावत्या गाडीतून उतरायचं आणि पुन्हा चढायचं, असे विनोद तिच्यावर झाले. विनोद करणारेच सणावाराला तिच्या टपावर बसून यायचे. उस्मानाबाद शहराला ती शिवतही नव्हती, येडशीला उतरून पुढं यावं लागे. १ जानेवारी १९५४ ला ती सरकारनं घेतली. हाच कॅल्थ्रॉप पुढं विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी हवाई छत्री बनवण्याच्या नादाला लागला. वरून खाली येणाऱ्यांची आणि खालून वर जाणाऱ्यांची, दोघांची काळजी त्या माणसानं केली, असं म्हणायला हरकत नाही.

आमचं गाव या लाइनच्या काठचं. जिथं ओढा किंवा गाडीवाट आडवी येई, तिथं छोटे पूल. त्यांखालून बैलगाडी जायची. शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीपेक्षा उंच काय होतं? कोणाला दोष द्यायचा? पूल आपल्या काळाच्या मापानं बरोबर होते. नंतर त्याच वाटेनं ट्रक आले.

१९८६ साल. मी दहावीला होतो. अब्बांना मलेरिया झाला आणि मालकाची खेप अडली. माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, तेव्हा तेविशीचे होते आणि लायसन नवं होतं. तुरीची पोती भरून ते सोलापूरला निघाले. ट्रकला कडब्यासाठी म्हणून लाकडी बॉडी उंच करून घेतलेली होती. जवळच्या वाटेवर असला एक पूल होता. जागेचं नाव सांगत नाही. भाईजानांनी बांबू लावून पाहिला, फडकं अडलं नाही, गाडी हळूच निघाली. सोलापूरला माल उतरवला. रात्री मोकळी गाडी घेऊन परत येताना तोच पूल. सकाळी भरलेली गेली, तर रात्री रिकामी का जाणार नाही? बांबू कड्यातून काढायचं कारणच नव्हतं.

भरलेल्या गाडीचे पाटे दबलेले असतात. माल उतरला की पाटे उठतात आणि गाडी काही बोटं वर येते. हे भाईजानांना माहीत नव्हतं असं नाही, त्या रात्री आठवलं नाही. बॉडीची वरची फळी पुलाच्या गर्डरला लागली. आवाज झाला तेवढाच. गाडीचं नुकसान म्हणाल तर एक फळी आणि चार कड्या. पण टपावर आमच्या गल्लीतला क्लीनर झोपला होता, माझ्याहून वर्षानं लहान. तो वाचला. त्याचा डावा हात खांद्यापासून कायमचा गेला. म्हणजे हात होता, पण तो कधी उचलता आला नाही.

मालकानं फळीचे पैसे भाईजानांच्या पगारातून कापले. हाताचा हिशेब कोणी केला नाही. अब्बा अंगात ताप असताना त्या पोराच्या घरी गेले आणि दारातच बसून राहिले. त्याच्या आईनं त्यांना पाणी दिलं. ती काही बोलली नाही, हेही बोलले नाहीत. भाईजानांनी त्यानंतर स्टिअरिंग हातात धरलं नाही. पंक्चरचं दुकान टाकलं. त्या पोराला त्यांनी दुकानात गल्ल्यावर बसवलं आणि तो पुढं वीस वर्षं तिथं बसला. अब्बांनी बांबू घरी आणून माळवदाच्या आढ्याला लटकवला. मी त्यावर कधी कविता लिहिली नाही. दोनदा बसलो होतो.

नंतर वाचनात आलं की आमच्या भाईजानांसारखे जगभर आहेत. इंग्लंडमध्ये रेल्वेच्या पुलांना गाड्या धडकण्याचे प्रकार दरवर्षी हजाराच्या वर होतात. तिथं प्रत्येक धडकेनंतर पूल तपासून होईपर्यंत गाड्या खोळंबतात, कारण पूल एखाद्या बोटानं जरी सरकला तरी वरचा रूळ वाकडा होतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात डरहम नावाचं गाव आहे. तिथल्या रेल्वे पुलाखालची जागा होती ११ फूट ८ इंच. समोर राहणाऱ्या नाही, समोर काम करणाऱ्या एका माणसानं २००८ मध्ये तिथं कॅमेरा लावला आणि शंभरावर धडका जगाला दाखवल्या. भाड्याचे ट्रक, फिरतीची घरं. ट्रकचं छप्पर डब्याच्या झाकणासारखं सोलून निघतं, घरांच्या टपावरचे एसी उडतात. आधी पाट्या होत्या. मग २०१६ मध्ये असं यंत्र बसवलं की उंच गाडी आली की सिग्नल लाल होतो आणि फलक उजळून सांगतो, तुमची गाडी उंच आहे, वळा. तरी लोक धडकतच राहिले. शेवटी २०१९ मध्ये रेल्वेनं पूलच आठ इंच उचलला. त्यानंतरही काही जण धडकले.

हे का होतं, याचा विचार केला तर भाड्याच्या गाडीशी येऊन पोचतो. रोजचा ट्रकवाला आपल्या गाडीची उंची पाठीच्या मणक्यानं जाणतो. भाड्याची गाडी चालवणारा मात्र आपल्या जुन्या मोटारीच्या उंचीनं जग बघत असतो. गाडीची रुंदी आरशात दिसते, लांबी वळताना कळते. उंची कधी दिसत नाही. ती चालवणाऱ्याच्या डोक्यामागं आणि वर असते. पुलाच्या अलीकडं जी लोखंडी तुळई असते, ती यासाठीच. धडकायचंच असेल तर मला धडका, पुलाला नको, असं ती म्हणत असते.

आणि पाटीवरचा आकडा? अब्बांचा अविश्वास बिनबुडाचा नव्हता. पूल बांधला त्या दिवशी आकडा खरा असतो. मग रस्त्यावर डांबराचा एक थर येतो, दोन वर्षांनी दुसरा, पावसात खड्डे पडले म्हणून काँक्रीट. रस्ता वर येतो, पूल तिथंच राहतो, पाटीही तीच राहते. आणखी एक खुबी आहे. मोरीत रस्ता खाली उतरून पुन्हा चढतो. लांब गाडीची पुढची चाकं चढाला लागलेली आणि मागची अजून उतारावर असतात, तेव्हा तिचं मधलं अंग जमिनीपासून वर उचललेलं असतं. पुढचं तोंड सुखरूप निघालं, म्हणून मधली पाठ निघेल असं नाही.

आमच्या लाइनचं रुंदीकरण झालं ते या शतकात. लातूर-उस्मानाबाद २००७ ला, उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ ला. शहराला पहिल्यांदा स्टेशन मिळालं. अडीच फुटांचे रूळ साडेपाच फुटांचे झाले. त्याचं मोल २०१६ च्या एप्रिलमध्ये कळलं, जेव्हा मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती आमच्या जिल्ह्यातूनच गेली. लोक रुळांच्या कडेला उभे होते, काहींच्या हातात रिकाम्या घागरी होत्या. गाडी थांबणार नाही हे ठाऊक असूनही. कॅल्थ्रॉपच्या पाच टनांच्या आसांना हे पाणी पेललं नसतं.

पण रुंद रुळांवर गाड्या वेगानं धावतात, आणि उघडी फाटकं माणसं मारतात. देशभरच्या मोठ्या मार्गांवरची बिनपहाऱ्याची सगळी फाटकं २०१९ च्या जानेवारीअखेर बंद झाली. फार चांगलं झालं. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी रुळाखालून मोऱ्या आल्या. रेल्वेच्या भाषेत त्यांचं नावच मर्यादित उंचीचा भुयारी मार्ग. पूल उभारण्यापेक्षा फार स्वस्त आणि फार लवकर होणारा. पुन्हा काटकसर. माणूस, मोटारसायकल, जीप, बैलगाडी निघते. उसाची गाडी, कडब्याची गाडी, मळणीचं मोठं यंत्र लांबचा वळसा घालतं. पावसाळ्यात पाणी साचलं की सगळेच वळसा घालतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. मध्य रेल्वेनं आपला शेवटचा राहिलेला तुकडा, औसा रोड ते लातूर रोड, विजेच्या तारांखाली आणला आणि आमची लाइनही पुरती विजेवर आली. त्याच महिन्यात उस्मानाबाद शहराचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. नावाबद्दल खूप बोललं गेलं, लिहिलं गेलं. त्या तारेबद्दल कोणी बोललं नाही. पंचवीस हजार व्होल्टची तार. फाटकावर ती रस्त्यापासून किमान साडेपाच मीटर उंच ठेवतात आणि दोन्ही बाजूंना साडेचार मीटरच्या थोडी वर, ४.६७ मीटरवर लोखंडी कमान बसवतात. कडब्याची गाडी, टपावर बसलेला हमाल, डोल्याचा कळस, यात्रेची काठी, या सगळ्यांसाठी ती कमान आहे. दोन्ही बदलांत माझ्या आयुष्याशी जास्त संबंध कशाचा, असं कोणी विचारलं तर मी कमानीचं नाव घेईन.

डोल्याचं म्हणालो म्हणून सांगतो. आमच्या गावात मोहरमला डोला निघतो. उचलणारे निम्मे हिंदू असतात, ही काही विशेष सांगायची गोष्ट नाही, मराठवाड्यात तसंच असतं. पूर्वी डोला चांगला उंच असे. गावात तारा आल्या तेव्हा एकदा कळस अडकला. पुढच्या वर्षी गावच्या सुतारानं कळसाला बिजागरी लावली. तारेजवळ आलं की कळस मागं पडतो, तार गेली की पुन्हा उभा. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेला सात नंदीध्वज निघतात, आकाशाला भिडणाऱ्या काठ्या. तिथं काठी वाकत नाही, वाटेतल्या तारांची आधीच व्यवस्था लावतात. कोणासाठी तार हलते आणि कोणाला बिजागरी लावावी लागते, यावर मी तरुणपणी बरंच तावातावानं बोललो आहे. सुतार ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, बिजागरीला तेल घातलं का या साली?"

तर आम्ही त्या तुळईपुढं उभे होतो. मी ड्रायव्हरला विचारलं, "दहा फूट कोणी सांगितलं?" म्हणाला, "कागदावर आहे." मी म्हणालो, "टपावर तो डबा कसला?" त्यानं वर पाहिलं. एसी होता. नंतर बसवलेला. कागदावर नसलेला. मोजायचा कशानं? आमच्याकडं बांबू नव्हता. तेवढ्यात मागून उसाची ट्रॉली येऊन थांबली. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला, मग उतरून आला आणि एकदा गाडीकडं, एकदा तुळईकडं पाहिलं.

"काय मालक, घर घेऊन निघालाव व्हय? मग माळवद घरीच ठेवायचं की!"

"तुमची ट्रॉली निघते का?" मी विचारलं.

"मोकळी निघती. भरलेली नेत न्हाई. म्या हितनं डावीकडं वळतो."

मी त्याच्याकडं दोन ऊस मागितले. एकाला एक बांधून लांब केले. ड्रायव्हर शिडीनं टपावर चढला, ऊस गाडीला टेकवून उभा धरला आणि एसीच्या वरच्या कडेला मित्राच्या नातीची लाल रिबीन बांधली. मग तिचा बाप ऊस घेऊन तुळईखाली गेला. रिबीन तुळईच्या वर चार बोटं राहिली. तो तसाच पुढं मोरीत गेला. तिथं खालच्या काँक्रीटचा नवा थर होता. रिबीन छताच्या वर वीतभर.

त्यानं परत येऊन काही न बोलता ऊस माझ्या हातात दिला.

मी भाईजानांना फोन लावला. आता ते सत्तरीकडं झुकले आहेत, दुकान मुलाकडं आहे, पण जिल्ह्यातली एकेक वाट त्यांना पाठ. म्हणालो, पाहुण्यांची उंच गाडी आहे, नळदुर्गला कुठून नेऊ. त्यांनी रस्ता सांगितला, मग थोडं थांबून विचारलं, "भरलेली आहे का मोकळी?"

"घर आहे भाईजान. भरलेलंच असतं."

"टाकीतलं पाणी संपलं की वर येईल ती," ते म्हणाले. "परत येताना पुन्हा मोजा."

ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली मागं घेऊन आम्हाला वळायला जागा दिली. उसाचे पैसे घेतले नाहीत. मुलांना ऊस खायचा होता, म्हणून वरचा सोडला. रिबीन बांधलेला खालचा मात्र ड्रायव्हरनं खाऊ दिला नाही. तो त्यानं सीटच्या मागं उभा करून ठेवला आणि तो तसाच पुण्यापर्यंत गेला, असं मित्राच्या मुलानं नंतर कळवलं.